फवारणीची विषबाधा: पहिला अर्धा तास आणि त्याआधीची तयारी

मृद्गंध

ऑगस्ट लागला की विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांच्या मेडिसिन वॉर्डात फवारणीचे पेशंट यायला लागतात. कपाशी पात्यावर येते, अळी दिसते, पाठीवर पंप चढतो. ऑक्टोबरपर्यंत हे चालतं. मी जिल्हा पातळीच्या दवाखान्यात काम केलंय आणि आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, यावर पेशंटचं बरंचसं नशीब ठरतं. हा धागा त्यासाठीच.

पहिलं म्हणजे, विष फक्त तोंडातूनच जातं असं नाही. फवारणी करणाऱ्याच्या अंगात ते मुख्यतः कातडीतून शिरतं. त्यातही काख, जांघ, मान, जननेंद्रियाचा भाग इथून सगळ्यात भरभर. म्हणून "त्यानं तर काही पिलं नाही, मग विषबाधा कशी?" असं म्हणून घरी झोपवून ठेवू नका.

ओळखायचं कसं? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही औषधं ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. नसेकडून स्नायूला आणि ग्रंथींना निरोप देणारं एक रसायन शरीरात असतं, अ‍ॅसिटिलकोलीन. निरोप पोचला की एक एन्झाइम ते लगेच मोडून टाकतं. ही औषधं त्या एन्झाइमलाच जखडतात. नळ उघडा आणि तो बंद करणारा हात बांधलेला, अशी गत होते. मग घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, कपड्यात लघवी, छातीत घरघर. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि अंधुक दिसतं. दंडावर, मांडीवर, पापणीत स्नायू फडफडताना दिसतात. माणूस जातो तो बहुतेक वेळा श्वास बंद पडून. छाती पाण्यानं भरते आणि श्वासाचे स्नायू थकतात.

शेतात असं कुणाला झालं तर:

सगळ्यात आधी त्याला फवारलेल्या पट्ट्यातून बाहेर, मोकळ्या हवेत आणा. अंगातले सगळे कपडे काढा, अंडरवेअर आणि करगोट्यासकट. लाज धरायची ही वेळ नाही. साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा. केस, कानामागे, नखं, बेंबी, जांघा. नुसतं पाणी ओतून तेलकट औषध निघत नाही. डोळ्यांत गेलं असेल तर डोळे उघडे धरून किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. धुणाऱ्यानं हातात मोजे घालावेत. नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, कारण त्याच्या अंगावरचं तुमच्याही अंगात जातं.

माणूस झापडलेला असेल तर डाव्या कुशीवर वळवा, तोंड जरा खाली, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. आणि १०८ ला फोन. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा, पण कुशीवर झोपवूनच. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलेल्या बेशुद्ध माणसाची मान पुढे पडते आणि श्वास तिथेच कोंडतो.

आता काय करायचं नाही. उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, घशात बोटं, काहीही नाही. बऱ्याच औषधांत रॉकेलच्या जातीचं द्रावक असतं. ते उलटीवाटे फुफ्फुसात गेलं की विषावर न्यूमोनिया. मिठाच्या पाण्यानं रक्तातलं सोडियम वाढून झटके आलेले पेशंट आम्ही पाहिलेत. तूप, दूध, ताक, अंडी, लिंबू काहीही पाजायचं नाही. मंत्र-उतारा करायला थांबायचं नाही.

आणि बाटली बरोबर घ्या. नुसतं नाव सांगू नका. बाटली किंवा डबा, त्यावरच्या लेबलासकट, पिशवीत बांधून आणा. दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही बाटल्या.

बाकीच्यांनी भर घालावी. शेतकरी, कृषी खात्यातले, दवाखान्यातले, सगळ्यांनी.

---

धुऱ्यावरचा

डॉक्टर, लई बरं केलं हा विषय काढला. मी यवतमाळ जिल्ह्यातला, वावर सहा एकर, कपाशी अन् तूर.

किटची गोष्ट सांगतो. ते पांढरं कापडाचं किट, चष्मा, मास्क घालून सप्टेंबरच्या उन्हात कोण फवारा मारन? कपाशी डोक्याएवढी, खाली पाणी साचून चिखल, वारा नाही. अर्ध्या तासात माणूस घामानं निथळते. मजूर म्हणते, "भाऊ, याच्यानं तं मी आधीच मरन." आणि मजुराला पंपावर पैसे भेटतात, दिवसावर नाही. जेवढे पंप जास्त तेवढी रोजी जास्त. तो थांबन काहून?

खरी गडबड पाठीवर होते. पंपाचं झाकण नीट बसत नाही, वाशर झिजलेला असतो, चालताना औषध हळूहळू गळते. शर्टाचा मागचा भाग, कंबर, चड्डी सगळं ओलं. त्याला वाटते घाम आहे. दिवसभर तेच कापड अंगाला चिकटून. दुपारी त्याच हातानं भाकर, मधात त्याच हातानं खर्रा घोटून तोंडात.

चार्जिंगचे पंप आले तेव्हापासून काम झपाट्यानं होते, पण फवाराही बारीक होते. कपाशी उंच असली की नळी खांद्याच्या वर धरावी लागते अन् सगळं तोंडावरच येते. तुम्ही सांगा, एवढ्यात आमच्यासारख्यानं निदान काय करावं?

---

मृद्गंध

धुऱ्यावरचा भाऊ, तुम्ही जे पाठीचं सांगितलंत ते आमच्या कुठल्याच पोस्टरवर नसतं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पूर्ण किट जमत नसेल तर माझ्या मते प्राधान्य असं: गळका पंप पाठीवर घ्यायचाच नाही. पंप आणि पाठ यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिक, युरियाच्या गोणीच्या आतलं अस्तर कापून पाठीवर बांधलं तरी चालेल. हातात रबरी किंवा नायट्राइलचे मोजे, विशेषतः औषध मोजताना आणि ढवळताना, कारण बाटलीतलं पाणी न मिसळलेलं औषध पंपातल्यापेक्षा कितीतरी पट जहाल. लांब बाह्या, फुल पँट, बूट. कापडाचे मोजे नकोत, ते औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात. तोंडाला बांधलेला ओला रुमालही तसाच.

कपडे ओले झाले की तिथेच बदलायचे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक ड्रम पाणी, साबण आणि एक जोडी जुने कपडे. याला खर्च जवळजवळ नाही. मालकानं एवढं ठेवलंच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही.

फवारणी सकाळी लवकर. उन्हात कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, घाम सुटतो, औषध जास्त शिरतं. वाऱ्याकडे पाठ करून चालायचं. तुंबलेली नोझल तोंडानं फुंकायची नाही. बारीक तार किंवा जुना ब्रश खिशात ठेवा.

---

पेरणी

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. २०१७ चा हंगाम जवळून पाहिलाय, म्हणून लिहितो.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली गेली, मृतांच्या वारसांना २ लाखांची मदत जाहीर झाली, काही औषधांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात तात्पुरती बंदी आली. पण कारणं एका रात्रीत तयार झाली नव्हती. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला जुमानेनाशी झाली होती. त्यामुळे फवारण्या वाढल्या, मात्रा वाढली, एका पंपात दोन-तीन औषधं, वर टॉनिक, वर खत. कपाशी अंगाबाहेर वाढलेली. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन अशी बरीच नावं तेव्हा पुढे आली.

दुकानदार मिश्रण सांगतो आणि शेतकरी ऐकतो. पण त्या मिश्रणाचा माणसावर काय परिणाम होईल, हे कोणत्याच लेबलवर लिहिलेलं नसतं. लेबल एकेका औषधाचं असतं. पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा डॉक्टरपुढे तीन विषं असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. डायफेन्थियुरॉन ऑरगॅनोफॉस्फेट नाही. तिथे अ‍ॅट्रोपिनचा (ऑरगॅनोफॉस्फेटवरच्या उताऱ्याचा) तसा उपयोग नाही. म्हणून डॉक्टरांनी वर सांगितलेलं "सगळ्या बाटल्या आणा" हे फार मोलाचं आहे.

बाटलीवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नाही, फक्त उतरंडीत खाली. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांप्रमाणे आत घडीची माहितीपत्रिका असते. तिच्यात विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा लिहिलेला असतो. अक्षरं भिंगाशिवाय दिसत नाहीत हे खरं. पण ती फेकू नका. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा, फवारणीला जाण्यापूर्वी. मजुराच्या मोबाइलवरही पाठवा. दवाखान्यात निघताना बाटली शोधण्यात वेळ गेला तरी फोटो हाताशी असतो.

रिकाम्या बाटल्यांचं एक. तीन वेळा पाण्यानं खंगाळायच्या, ते पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं. त्यात तेल, रॉकेल, पाणी काही ठेवायचं नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉस मिसळलेल्या तेलात शिजलेलं माध्यान्ह भोजन खाऊन २३ शाळकरी मुलं दगावली होती. ते औषध भाज्यांवर वापरायला २००५ पासूनच मनाई होती. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीची अधिसूचना निघाली २०२३ मध्ये. एवढी वर्षं का लागली, याचा मला आजही राग येतो.

---

शुभदा_क

आम्ही शहरात राहतो, शेती नाही. पण धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. घरात उंदरांसाठी ट्यूबमधली पेस्ट आणलेली आहे आणि मुलगी दीड वर्षाची आहे. अशा वेळी उलटी करवायची नाही, हे लहान मुलांनाही लागू आहे का? माझ्या सासूबाई म्हणतात, लगेच मिठाचं पाणी पाजायचं असतं.

---

रानजाई

शुभदा, हो, मुलांना तर जास्तच लागू आहे. मिठाचं पाणी मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षाही घातक. मी अमेरिकेत लहान मुलांच्या इमर्जन्सी विभागात नर्स आहे. इथे एकेकाळी घरोघरी आयपेकॅकचं सिरप ठेवायला सांगत, उलटी होण्यासाठी. २००३ मध्ये इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच सांगितलं की ते घरात ठेवू नका, असेल तर टाकून द्या. उलटीनं फायदा होतो असं दिसलं नाही, आणि मूल सुस्तावलेलं असेल तर धोका वाढतो.

बाथरूमचं अ‍ॅसिड किंवा नाली साफ करायची पावडर गेली असेल तर उलटी म्हणजे अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजणं. रॉकेल किंवा टर्पेंटाइन असेल तर ते फुफ्फुसात जातं. मूल शुद्धीवर असेल तर तोंडातलं उरलेलं बोटाला कापड गुंडाळून पुसा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा, आणि दवाखान्यात न्या.

सुट्टीत भारतात आले की मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती थंड पेयाच्या बाटल्यांची. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जुन्या शीतपेयाच्या बाटलीत फिनेल, त्याच्या शेजारी तसल्याच बाटलीत रॉकेल, वर सरबताची बाटली. दीड वर्षाच्या मुलाला बाटलीचा आकार ओळखता येतो, वास नाही. मूळ डब्यातून काहीही काढायचं नाही, आणि सगळं मोठ्यांच्या खांद्याच्या वर, कडीच्या आत.

---

मृद्गंध

रानजाई ताईंच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा.

शुभदाताई, ती ट्यूब आज घरातून काढा. उंदरांच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेल्यावर थोडी मळमळ होते, मग एक-दोन दिवस मूल चांगलं खेळतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ उठते, यकृत निकामी व्हायला लागतं. "आता बरं वाटतंय" म्हणून घरी थांबवलेली मुलं आमच्याकडे उशिरा येतात. थोडंसं चाटलं असा नुसता संशय असला तरी त्याच दिवशी दाखवा आणि यकृताच्या तपासण्या पुढचे काही दिवस करत राहा. पिंजरा लावा, चिकटगोंदाचा पुठ्ठा लावा, पण ती पेस्ट नको.

एक नंबर सगळ्यांनी सेव्ह करा: १८०० ११६ ११७. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, टोल फ्री, चोवीस तास. कुठलं विष, त्याचा उतारा काय, हे तिथे डॉक्टरांनाही विचारता येतं. मीही विचारतो. मात्र पेशंटला श्वासाचा त्रास असेल तर आधी १०८ आणि दवाखाना, फोन वाटेत.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांसाठी थोडं विषयांतर. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि एकदम दहा-वीस मुलं उलट्या-जुलाब घेऊन येतात. बहुतेक सलाइनवर बरी होतात. पण शाळेच्या कुंपणाला ते झाड लावूच नये.

---

तिफण

माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहितोय, कारण ही गोष्ट कुणी सांगत नाही.

फवारणीहून आला, उलट्या, घाम, डोळ्यांना दिसेना. जवळच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं दिली, रात्रीतून फरक पडला. दुसऱ्या दिवशी बोलत होता, चहा मागितला. "घेऊन जा" म्हणाले. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी घरी तो उशीवरून डोकं उचलायला गेला आणि उचलता येईना. आईला वाटलं अशक्तपणा आहे. पाणी पाजलं तर नाकातून आलं. आवाज नाकात बोलल्यासारखा. मी त्याच पावली गाडी काढली आणि जिल्ह्याला नेलं, तिथे पोचल्या पोचल्या नळी टाकून मशीनवर घेतला. बरेच दिवस मशीनवर होता. आज ठीक आहे, शेती करतो.

मला एवढंच विचारायचंय, की बरं वाटल्यावर परत असं का झालं?

---

भूलवाले

तिफण, तुमचा भाऊ वाचला तो तुम्ही वाट न पाहिल्यामुळे. मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयू बघतो.

याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. सुरुवातीचा घाम-लाळेचा टप्पा ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, मानेचे, गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे होतात. पहिली खूण नेमकी तुम्ही पाहिलीत तीच: उताण्या झोपलेल्या माणसाला उशीवरून डोकं उचलता येत नाही. राउंडला मी प्रत्येक पेशंटला डोकं उचलून धरायला लावतो. यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, आणि नाही मिळाला तर झोपेतच श्वास थांबतो. म्हणून लक्षणं ठळक असलेल्या पेशंटला निदान चार दिवस नजरेखाली ठेवायला हवं. घरचे "आता बोलतोय, सोडा" म्हणतात, खाटा कमी असतात, मला सगळं माहीत आहे. तरीही.

काहींना दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, पोटऱ्या दुखणं, पाऊल लोंबणं असं होतं. तेव्हाही परत दाखवा.

आता उपचाराबद्दल, विशेषतः इथे वाचणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी. अ‍ॅट्रोपिन घाबरत घाबरत दिलं जातं. एक अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला सुरुवात १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच अ‍ॅम्प्यूल. पाच मिनिटांनी छाती ऐका. घरघर असेल तर मात्रा दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी, इथपर्यंत जायचं. जबर विषबाधेत यासाठी डझनावारी अ‍ॅम्प्यूल लागतात. बाहुली मोठी झाली म्हणून थांबू नका, नाडी जलद आहे म्हणून सुरू करायचं टाळू नका. छाती कोरडी झाली की एकूण लागलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. पेशंट बडबडायला लागला, ताप चढला, पोट फुगून आतड्याचा आवाज बंद झाला, तर जास्त झालंय. थोडं थांबून कमी मात्रेनं पुन्हा.

ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवताना पहिली मात्रा तिथेच सुरू करा आणि चिठ्ठीवर लिहा: किती दिलं, किती वाजता. कोऱ्या चिठ्ठीनं आलेल्या पेशंटची आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. श्वास कमी असेल तर नळी टाकल्याशिवाय पाठवू नका. पोट धुण्याची घाई नको. बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग सुरक्षित केल्याशिवाय पोट धुणं म्हणजे विष फुफ्फुसात लोटणं.

पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्झिम, हा ऑरगॅनोफॉस्फेटवरचा दुसरा उतारा; त्यावर वाद आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० पेशंटवर केलेला अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ४८ तास दर तासाला १ ग्रॅम सतत दिलेल्या गटात मृत्यू कमी, श्वासयंत्राची गरज कमी. पेशंट लवकर आलेले होते आणि सोयी चांगल्या होत्या. २००९ चा श्रीलंकेतला अभ्यास मात्र फायदा दाखवू शकला नाही. माझं मत: लवकर आलेल्या पेशंटला मी देतो, पण पॅमपायी अ‍ॅट्रोपिन आणि श्वास यांकडे दुर्लक्ष होता कामा नये. तालुक्याच्या जागेवरून बारामतीकरांनी असं काम केलं याचा अभिमान वाटतो.

बाटली कशासाठी, याचं आणखी एक उदाहरण. पॅराक्वॅट हे तणनाशक असेल तर सरसकट ऑक्सिजन दिल्यानं फुफ्फुसाचं नुकसान वाढतं. ऑरगॅनोफॉस्फेटमध्ये ऑक्सिजन हवाच. लेबल पाहिल्याशिवाय हे कसं कळणार?

---

सातबारा

कायद्याचं आणि पैशाचं बोलतो, कारण घरचे बऱ्याचदा पोलीस केसच्या भीतीनं थांबतात किंवा खोटं सांगतात.

विषबाधेचा पेशंट एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) होतो, हे नेहमीचं आहे. त्यात गुन्हा सिद्ध होत नाही. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केलंय, सरकारी आणि खाजगी दोघांसाठी. कुणी जाणूनबुजून घेतलं असेल तरी डॉक्टरला खरं सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही.

मदतीसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. फवारणीची विषबाधा तिच्यात बसते, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक सदस्य यांच्यासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो फवारणीचा मजूर या योजनेत कुठेच नाही. पाठीवर पंप बहुधा त्याच्याच असतो. मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हा वाटतो, आणि २०१७ नंतरही तो तसाच आहे.

कागद जपा: दवाखान्याचे केसपेपर, पंचनामा, एफआयआर, शवविच्छेदन आणि रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. शेवटचा अहवाल यायला फार वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करा.

---

ओवी

सातबारा यांनी जाणूनबुजून घेण्याचा विषय काढला म्हणून. गावात प्रत्येक घराला कुलपाची पेटी द्यावी, औषधं तिच्यात, किल्ली एकाकडे. याने रागाच्या भरात घेणाऱ्यांचे जीव वाचतील असं वाटतं. कुणी केलंय का?

---

भूलवाले

ओवीताई, मलाही तसंच वाटायचं. श्रीलंकेत अनुराधापूर भागात १८० गावांमध्ये हा प्रयोग झाला, निम्म्या गावांना पेट्या दिल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: विष घेण्याचं प्रमाण कमी झालं नाही. घरातल्या मोठ्या माणसाला किल्ली कुठे आहे हे माहीत असतं. त्याच देशात परिणाम झाला तो सगळ्यात जहाल औषधं बाजारातूनच काढल्यावर. १९९५ मध्ये जहाल गटातली उरलेली औषधं बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान, आणि पुढच्या दशकभरात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तो क्षण टळला की बहुतेक माणसं जगतात, नंतर पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

पेटी लहान मुलांसाठी जरूर ठेवा. आणखी एक करता येईल. घरात कुणी बोलेनासं झालं असेल, कर्जाच्या, आजाराच्या, भांडणाच्या काळजीत असेल, तर शिल्लक औषध घरात ठेवूच नका. लागेल तेवढंच, लागेल त्याच दिवशी आणा. आणि त्या माणसाला थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं मनात भरत नाही. १४४१६ ही टेली-मानसची हेल्पलाइन मराठीत बोलते, कोणत्याही वेळी.

---

धुऱ्यावरचा

सगळं वाचलं. सोमवारी आमच्याकडं फवारणी आहे. वाशर बदलून आणला, ड्रम अन् साबण धुऱ्यावर नेऊन ठेवतो, मजुराले पाठीवर प्लॅस्टिक बांधायले लावतो. काम सुटेपर्यंत खर्रा खिशात ठेवायचा नाही असंही सांगितलं, तो हसला पण कबूल झाला.

दोन गोष्टी विचारतो. एक, घरी बाई त्याचे कपडे धुते, तिले काही होऊ शकते का? दोन, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे अ‍ॅट्रोपिन असते का, अन् ते कोणाले विचारायचं?

---

मृद्गंध

होऊ शकतं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, वेगळ्या बादलीत, मोजे घालून, साबणानं दोनदा. मुलांचे कपडे त्या बादलीत पुन्हा कधीच नाहीत. औषधानं चिंब झालेला शर्ट धुवायचा नाही, टाकून द्यायचा. गरोदर बाईला तर ते कपडे हाताळूच देऊ नका.

अ‍ॅट्रोपिन प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवं. वैद्यकीय अधिकाऱ्याला सरळ विचारा: किती अ‍ॅम्प्यूल आहेत, मुदत कधी संपते, अंबूबॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) चालू स्थितीत आहे का, सक्शन मशीन चालतं का. पाच-दहा अ‍ॅम्प्यूल असतील तर एका जबर पेशंटलाही त्या पुरायच्या नाहीत. फवारणीच्या महिन्यांत साठा वाढवून घ्यायला सांगा. ग्रामपंचायतीचं लेखी पत्र दिलंत तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे मागणी करणं त्यांनाही सोपं जातं. आणि तुमच्यापासून व्हेंटिलेटर असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, तेही सोमवारच्या आधी विचारून ठेवा.

---

पेरणी

पत्राचा मसुदा मी करून देतो, उद्या इथेच टाकतो. गावाचं नाव आणि आरोग्य केंद्राचं नाव रिकामं ठेवीन, ज्याला हवं त्यानं भरून घ्यावं.